पन्नाशी ओलांडलेला ‘विश यू वेअर हिअर’: पाठ असलेला अल्बम पुन्हा कसा ऐकावा

कॉलेजात असताना पाठ झालेला अल्बम तीसेक वर्षांनी पुन्हा लावला की दोनपैकी एक गोष्ट हमखास होते. एक तर पहिल्या मिनिटातच डोळे भरून येतात आणि पुढचं काही कानावर पडतच नाही. नाहीतर ‘यात आपण एवढं काय बघितलं होतं?’ असं वाटायला लागतं आणि तिसऱ्या गाण्यापर्यंत हात मोबाईलकडे जातो. दोन्ही वेळा अल्बम ऐकायचा राहूनच जातो. आपण आपल्याच आठवणीची रेकॉर्ड वाजवत बसतो.

आठवणीचा आणि रेकॉर्डिंगचा हिशोब वेगवेगळा मांडता आला तर जुना अल्बम खऱ्या अर्थाने पुन्हा ऐकता येतो. त्यासाठी मुख्य काम एकच, ते म्हणजे क्रम पाळणं. आधी आठवण लिहून काढायची, मग काही न वाचता ऐकायचं, मग नकाशा घेऊन ऐकायचं आणि इतिहास सगळ्यात शेवटी. बहुतेक जण नेमकं उलटं करतात. आधी यूट्यूबवर माहितीपट बघतात आणि मग अल्बम लावतात. मग त्यांना तेच ऐकू येतं जे माहितीपटाने सांगितलेलं असतं.

उदाहरणासाठी पिंक फ्लॉइड या ब्रिटिश रॉक बँडचा ‘विश यू वेअर हिअर’ घेतो. सप्टेंबर १९७५ मध्ये आलेल्या या अल्बममध्ये पाचच ट्रॅक आहेत आणि सगळं मिळून साधारण ४४ मिनिटं. एका बैठकीत संपतो, तुकड्यातुकड्यांत ऐकला तर मोडतो. शिवाय हातातून निसटलेल्या माणसाची आठवण हाच त्याचा विषय असल्यामुळे आपल्या प्रयोगाला तो फारच सोयीचा आहे.

आधी वही काढा

अल्बम लावण्याआधी अर्धं पान लिहा. शोधाशोध न करता, आठवेल तसं. गाण्यांचा क्रम काय होता? पहिलं वाद्य कोणतं ऐकू येतं? गाणाऱ्याचा आवाज किती वेळाने येतो? कोणता भाग तुम्ही फॉरवर्ड करायचात? कॅसेट कुठे उलटावी लागायची? आणि ती कुणाकडून मिळाली होती?

शेवटचे दोन प्रश्न गमतीचे वाटतील, पण तेच सगळ्यात महत्त्वाचे आहेत. आपल्याकडे हा अल्बम बऱ्याच जणांनी एलपीवर ऐकलाच नाही. कुणाच्या तरी दादाकडे एलपी असायची, तिच्यावरून सी-९० कॅसेट भरून घेतलेली असायची. सी-९० ची एक बाजू ४५ मिनिटांची. म्हणजे एका बाजूला याच बँडचा आधीचा ‘द डार्क साइड ऑफ द मून’ आणि दुसऱ्या बाजूला हा, अशी एकाच कॅसेटवर दोघांची सोय. अशा कॅसेटवर वाढलेल्या माणसाच्या डोक्यात या अल्बमला मध्यंतर नाही. एलपीवर मात्र ‘वेलकम टू द मशीन’ या दुसऱ्या गाण्यानंतर बाजू उलटावी लागते, ती शांतता रचनेचाच भाग होऊन बसते. आणि सी-९० वाल्यांपैकी किती तरी जणांचा शेवट टेप संपल्यामुळे खटकन तुटलेला असतो. अल्बमच्या शेवटच्या मिनिटात काय दडलंय ते पुढे येईलच. ते त्यांनी कधी ऐकलेलंच नसण्याची शक्यता आहे.

उतारवयातल्या माणसांना साधारण दहा ते तीस या वयातल्या गोष्टी बाकी आयुष्यापेक्षा जास्त आठवतात, हे मानसशास्त्रात अनेकदा दिसून आलं आहे. त्या वयातलं संगीत आपल्याला ‘सर्वोत्तम’ वाटतं, त्यात संगीताइतकाच त्या वयाचाही वाटा असतो. म्हणून तर लिहून काढायचं. कागदावर उतरलेली आठवण तपासता येते, मनातली तपासता येत नाही. ती ऐकता ऐकता स्वतःला दुरुस्त करून घेते आणि वर ‘मला हे माहीतच होतं’ म्हणते.

कोणती प्रत लावायची

यावर लोक तासन्‌तास भांडतात. पहिल्या बैठकीसाठी माझं मत सरळ आहे. साधी स्टिरिओ प्रत, पूर्ण, मूळ क्रमाने. मग ती सीडी असो, स्ट्रीमिंग असो किंवा एलपी. २०११ मध्ये जेम्स गथ्रीने केलेलं रिमास्टर, म्हणजे मूळ रेकॉर्डिंगचा नव्याने साफसूफ केलेला आवाज, सहज मिळतं आणि चांगलं आहे. २०२५ मध्ये अल्बमची पन्नास वर्षं झाली तेव्हाच्या आवृत्तीत डॉल्बी ॲटमॉस मिक्सही आलं आहे, ते ऐकण्यासारखंही आहे, पण आत्ता नको. आठवणीतला अल्बम दोन स्पीकरांचा असताना तुलना करायला चहूबाजूंनी येणारा आवाज घेतला तर फरक कशामुळे पडला तेच कळणार नाही. संकलनांपासूनही लांब राहा. ‘एकोज’ या २००१ च्या संकलनात अल्बमच्या सुरुवातीला आणि शेवटी येणाऱ्या ‘शाइन ऑन यू क्रेझी डायमंड’चे दोन्ही तुकडे कापून एकत्र जोडले आहेत. सोय झाली, अल्बमचा कणा गेला.

स्ट्रीमिंगवर ऐकणार असाल तर सेटिंगमध्ये जाऊन एवढं करा: शफल बंद, क्रॉसफेड (एक गाणं विरताना दुसरं वर आणणारी सोय) शून्यावर, गॅपलेस (दोन गाण्यांत खंड न पाडणारी सोय) चालू, आवाज आपोआप एकसारखा करणारी सोय बंद, अल्बम संपल्यावर भलतंच काही सुरू करणारं ऑटोप्ले बंद. यातलं गॅपलेस सगळ्यात महत्त्वाचं. या अल्बममध्ये एक गाणं दुसऱ्यात ओतलेलं आहे. मध्ये अर्ध्या सेकंदाची खाच पडली तरी जादू उतरते. फुकटच्या खात्यावर तर ऐकूच नका. ‘हॅव अ सिगार’ हे संगीत कंपन्यांच्या पैशाच्या भुकेवरचं गाणं आहे. ते संपताच झटपट कर्जाच्या ॲपची जाहिरात लागली तर ते लिहिणाऱ्या रॉजर वॉटर्सचा, म्हणजे बँडच्या बेसवादकाचा, मुद्दा सिद्ध होईल, पण पुढच्या गाण्याची सुरुवात मरेल.

पंखा, खोली आणि तुमचे कान

अल्बमची सुरुवात जवळजवळ शून्यातून होते. सुरांचा एक धूसर पडदा हळूहळू वर येतो. आपल्या घरांत या पडद्याचा पहिला शत्रू म्हणजे डोक्यावर पाचावर फिरणारा पंखा. तो बंद करा. उन्हाळ्यात ते शक्य नसेल तर पहाटेची वेळ निवडा किंवा कान पूर्ण झाकणारे हेडफोन घ्या. कुकर, दूधवाला, कुरिअर यांच्या वेळा टाळा.

आवाज किती ठेवायचा हे याच अल्बमवर ठरवू नका. सुरुवात इतकी दबकी आहे की माणूस आवाज वाढवत जातो आणि पुढे ड्रम आले की दचकून उठतो. दुसऱ्याच एखाद्या ओळखीच्या गाण्यावर आवाज ठरवा आणि मग हात लावू नका. फार हळूही नको. आवाज कमी असला की आपल्या कानांना खर्ज आणि वरचे तार सूर दोन्ही प्रमाणापेक्षा जास्त कमी ऐकू येतात, त्यामुळे वॉटर्सचा बेस गायब होतो आणि अल्बम पातळ वाटायला लागतो.

स्पीकर असतील तर दोन स्पीकर आणि तुम्ही असा समभुज त्रिकोण करून बसा आणि स्पीकर भिंतीपासून वीतभर तरी पुढे ओढा. एवढ्याने जो फरक पडतो तो महागडी केबल घेऊन पडत नाही.

आता कान. वयाबरोबर सगळ्यात आधी वरच्या पट्टीतलं ऐकू येणं कमी होतं. सिंबल्सची किणकिण, काचेची धार, श्वासाचा आवाज या गोष्टी पन्नाशी-साठीत मंद होतात. ‘नवीन रिमास्टर मऊ वाटतं’ ही तक्रार कधी कधी रिमास्टरबद्दल नसतेच. घरातले लोक टीव्हीच्या आवाजावरून कुरकुर करत असतील तर एकदा कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे जाऊन ऑडिओग्राम, म्हणजे ऐकण्याच्या तपासणीचा आलेख, काढून घ्या. श्रवणयंत्र वापरत असाल तर ते बसवून देणाऱ्याकडून संगीतासाठी वेगळा प्रोग्रॅम मागून घ्या; नेहमीचा प्रोग्रॅम बोलणं स्पष्ट व्हावं म्हणून बाकीचं दाबतो आणि सिंथेसायझरचा लांब सूर त्याला गोंगाट वाटू शकतो. आणि हेडफोनवर जवानीतला आवाज नको. मोठ्या माणसांसाठी जागतिक आरोग्य संघटनेने सांगितलेली मर्यादा आहे आठवड्याला ४० तास, तेही ८० डेसिबलपर्यंत. त्यापुढे आवाज चढवला की वेळ झपाट्याने कमी होते.

पहिली बैठक: काही न वाचता

४४ मिनिटं बसायचं. शब्द समोर ठेवायचे नाहीत, सोबत गायचं नाही. हे दुसरं फार अवघड जातं, कारण ‘विश यू वेअर हिअर’ हे शीर्षकगीत गिटार शिकणाऱ्या प्रत्येकाने हॉस्टेलवर कधी ना कधी वाजवलेलं असतं. पण आपण गायला लागलो की आपल्याला आपलाच आवाज ऐकू येतो.

रडू आलं तर येऊ द्या. कंटाळा आला तर तो कुठे आला तेवढं मनात धरून ठेवा, अल्बम थांबवू नका. संपल्यावर मघाच्याच कागदावर तीन गोष्टी लिहा. आठवणीसारखंच काय निघालं, वेगळं काय निघालं, आणि कधी ऐकलंच नव्हतं असं काय सापडलं. तिसऱ्या यादीसाठीच हा सगळा खटाटोप आहे.

बहुतेकांची एक चूक ठरलेली असते. त्यांनी लिहिलेलं असतं ‘सुरुवात गिटारने’. प्रत्यक्षात गिटार यायला दोन मिनिटं लागतात आणि गाणारा आवाज यायला तर साडेआठ मिनिटांच्याही वर. आठवण प्रस्तावना कापून टाकते.

दुसरी बैठक: नकाशा घेऊन

दोन-चार दिवस जाऊ द्या. मग पुन्हा लावा, यावेळी पुढची टिपणं हाताशी ठेवा आणि हवं तिथे थांबा, मागे जा.

‘शाइन ऑन यू क्रेझी डायमंड’, भाग एक ते पाच. पडद्यामागे ओल्या बोटाने काठ घासलेल्या वाइनच्या ग्लासांचा आवाज आहे, त्यावर रिचर्ड राइटचे सिंथेसायझर. ‘डार्क साइड’च्या प्रचंड यशानंतर पुढे काय करायचं हे सुचेना, तेव्हा बँडने घरातल्या वस्तूंमधून, म्हणजे रबरबँड, ग्लास असल्या गोष्टींमधून अख्खा अल्बम करायचा घाट घातला होता. तो बारगळला. त्यातले हे ग्लास मात्र इथे कामी आले. जलतरंग ऐकलेल्या कानाला तो काचेचा सूर लगेच वेगळा काढता येईल, फक्त इथे आघात नाही, नुसता घासलेला लांब सूर आहे.

मग डेव्हिड गिलमोरची गिटार, घाई नाही, एकेक सूर पूर्ण वापरून. आणि साधारण चौथ्या मिनिटाच्या आसपास ते चार सूर येतात, ज्यांच्यामुळे हे सगळं जन्माला आलं. गिलमोर सरावाच्या वेळी ते सहज छेडत होता, वॉटर्सचे कान टवकारले आणि तिथून गाणं उभं राहिलं.

या चार सुरांवर थोडं थांबू. हार्मोनियम असेल तर काढा, नसेल तर ॲप चालेल. सा पांढरी पाचचा धरा. चार सूर असे: कोमल ग, वरचा कोमल नी, खाली सा, मग पुन्हा वर शुद्ध ध. म्हणजे काफी थाटातले सूर. पण काफीतला खेळकरपणा इथे औषधालाही नाही, कारण चौथा सूर त्या शुद्ध धैवतावर येऊन अधांतरी सोडून दिला आहे. ग पासून ध पर्यंतचं अंतर बरोबर अर्ध्या सप्तकाचं, कानाला अस्वस्थ करणारं. आपला कान ‘सा’कडे परतण्याची वाट बघतो आणि ते चार सूर तिथेच घुमत राहतात. दहा वेळा वाजवून बघा. इतक्या वर्षांनीही हा प्रश्न का शिळा होत नाही ते बोटांना कळेल.

यानंतर निक मेसनचे ड्रम आणि बेस. ख्याल ऐकणाऱ्यांना इथे परकं वाटू नये. आधी सुरांची बढत, मग ठेका, मग शब्द, असाच हा प्रवास आहे. साडेआठ मिनिटांनंतर वॉटर्स गातो, मागे व्हेनेटा फील्ड्स आणि कार्लेना विल्यम्स यांचे आवाज. शेवटी डिक पॅरीचा सॅक्सोफोन. आधी जाड, खर्जातला बॅरिटोन, मग टेनर. आणि तो बदलतो तिथेच ठेका दुपटीत गेल्यासारखा वाटतो. बऱ्याच जणांना ‘सॅक्स आहे’ एवढंच आठवतं, तो दोन प्रकारचा आहे हे दुसऱ्या बैठकीतच लक्षात येतं.

‘वेलकम टू द मशीन’. यंत्रघरासारखी घरघर, ‘व्हीसीएस-३’ सिंथेसायझरचे ठोके आणि त्यांच्यामधून वाट काढणारी साधी अकूस्टिक गिटार. इथे ताल ड्रमचा नसून यंत्राचा आहे, त्यामुळे माणसाचा आवाज त्यात कोंडल्यासारखा वाटतो. शेवटी लिफ्ट वर गेल्यासारखा आवाज आणि पार्टीचा कोलाहल. हेडफोनवरच ऐका, स्पीकरवर निम्मं हरवतं.

‘हॅव अ सिगार’. हा आवाज बँडमधल्या कुणाचाच नाही! वॉटर्सचा गळा बसला होता, गिलमोरला ते शब्द गायचे नव्हते. त्या वेळी ॲबी रोड स्टुडिओतच आपला अल्बम करत असलेला लोकगायक रॉय हार्पर ते गायला. मोबदला म्हणून आपण लॉर्ड्स मैदानाचा आयुष्यभराचा पास मागितला आणि तो काही मिळाला नाही, हा किस्सा हार्परनेच सांगितलेला आहे. वर्षानुवर्षं हा आवाज वॉटर्सचा समजून ऐकलेले लोक भरपूर आहेत, कारण भरलेल्या कॅसेटच्या कव्हरवर निळ्या पेनाने फक्त गाण्यांची नावं असायची.

गाण्याच्या शेवटी एक करामत आहे. भरात आलेली गिटार एकदम आकसते आणि छोट्या रेडिओतून आल्यासारखी होते. मग कुणीतरी स्टेशन बदलतं. खरखर, बोलणं, क्षणभर चायकॉव्हस्कीची चौथी सिंफनी. मग त्याच रेडिओवर बारा तारांची गिटार आणि तिच्यासोबत खोलीत बसून वाजवणारा दुसरा माणूस. त्याची गिटार अगदी जवळ, श्वास आणि खोकल्यासकट. रेडिओवरची गिटार सपाट आणि लांब, खोलीतली गोल आणि जवळ. हे अंतर डोळे मिटून मोजा. ‘तू इथे हवा होतास’ हे शब्द यायच्या आधीच दोन गिटारींमधल्या या अंतराने सांगून झालेलं असतं. इथून सुरू होणाऱ्या ‘विश यू वेअर हिअर’ या शीर्षकगीताला हॉस्टेलच्या गिटारींनी झिजवून गुळगुळीत केलंय हे खरं, पण या पहिल्या मिनिटापाशी आलं की ते पुन्हा खरबरीत होतं.

या गाण्यात एक हरवलेलं व्हायोलिनही आहे. येहुदी मेन्युहिन आणि स्तेफान ग्रापेली हे व्हायोलिनवादक ॲबी रोडमध्येच शेजारी रेकॉर्डिंग करत होते. होय, रविशंकरांबरोबर वाजवणारे तेच मेन्युहिन. ग्रापेलींना बोलावून वाजवून घेतलं, पण अंतिम मिक्समध्ये ते शेवटच्या वाऱ्याच्या आवाजात अगदी पुसट उरलं. २०११ च्या आवृत्तीत व्हायोलिनवाली संपूर्ण प्रत आली. ती सुंदर आहे आणि वगळली ते बरं झालं, असं दोन्ही मला वाटतं.

‘शाइन ऑन’चे भाग सहा ते नऊ त्या वाऱ्यातूनच उगवतात. लॅप स्टील गिटारची किंकाळी, पुन्हा वॉटर्सचा आवाज, मग क्लॅव्हिनेट या कीबोर्डवरचा थोडा लांबलेला फंक. कंटाळ्याची नोंद तुमच्या कागदावर बहुधा इथेच झाली असेल, आणि माझ्या मते ती रास्त आहे. पण शेवटचा, नववा भाग सोडू नका. हा एकट्या राइटचा. संथ, अंत्ययात्रेच्या चालीचा. अगदी शेवटी, आवाज विरत असताना, तो सिंथेसायझरवर ‘सी एमिली प्ले’ची चाल हळूच वाजवतो. ते १९६७ चं गाणं ज्याचं, त्याच्यासाठीच हा सगळा अल्बम आहे. सी-९० संपायची ती नेमकी इथेच.

आता इतिहास

सिड बॅरेट हा पिंक फ्लॉइडचा पहिला गायक, गिटारवादक आणि मुख्य गीतकार. पहिल्या यशाच्या पाठोपाठ एलएसडीची नशा आणि मानसिक आजार यांत तो ढासळत गेला. गिलमोरला आधी जोडीला म्हणून घेतलं. मग १९६८ च्या जानेवारीत एका कार्यक्रमाला जाताना बाकीच्यांनी सिडला घ्यायला न जाण्याचं ठरवलं. एप्रिलमध्ये तो बाहेर पडल्याचं जाहीर झालं.

१९७५ च्या जूनमध्ये अल्बमचं काम चालू असताना ॲबी रोडमध्ये एक जाडसर, डोकं आणि भुवया भादरलेला माणूस आला. बराच वेळ तो कोण हे कुणालाच कळलं नाही. तो सिड होता. ओळख पटल्यावर वॉटर्सला रडू आवरलं नाही. इथे एक गैरसमज दूर करायला हवा. सिडला बघून ‘शाइन ऑन’ लिहिलं, असं आपल्याकडेही सर्रास सांगितलं जातं. ते गाणं आदल्या वर्षीच तयार होतं आणि १९७४ मध्ये कार्यक्रमांत वाजतही होतं. सिड आला तो स्वतःवरच्या गाण्यात. त्या दिवशी नेमकं काय वाजत होतं, तारीख कोणती होती, याबद्दल तिथे हजर असलेल्यांच्या आठवणी एकमेकींशी जुळत नाहीत. तुमच्या कागदावरच्या चुका फार मनाला लावून घेऊ नका.

सिड जुलै २००६ मध्ये गेला, राइट सप्टेंबर २००८ मध्ये.

कव्हरबद्दल थोडक्यात. हिपग्नोसिस या संस्थेने बरबँक, कॅलिफोर्निया इथल्या वॉर्नर ब्रदर्सच्या स्टुडिओच्या आवारात रॉनी रॉन्डेल या स्टंटमनला खरोखर पेटवून कव्हरवरचा फोटो काढला. वारा फिरला आणि त्याच्या मिशा जळल्या. अल्बम विकायला आला तो गडद प्लास्टिकमध्ये गुंडाळून, म्हणजे कव्हर आहे पण दिसत नाही. कॅसेटच्या काडेपेटीएवढ्या चित्रात यातलं काहीच कळायचं नाही, तेव्हा हा फोटो एकदा मोठ्या पडद्यावर बघा.

शब्दांची बैठक

तिसऱ्यांदा ऐकताना गीतं समोर ठेवा, कारण यात सगळ्यात जास्त बदल तुमच्या बाजूने झालेला असतो. विशीत ‘हॅव अ सिगार’ ऐकताना आपण सगळे बँडच्या बाजूला होतो आणि पाठ थोपटणारा, बँडमधला पिंक कोण असं विचारणारा साहेब हा शत्रू. पन्नाशीत तुमच्यापैकी बरेच जण टेबलाच्या पलीकडच्या खुर्चीत बसून आलेले असतात. नव्या पोरांना ‘तुम्ही फार पुढे जाणार’ म्हणताना आपला आवाज कसा येतो, ते हार्पर ऐकवतो. ‘वेलकम टू द मशीन’मध्ये पोराला त्याची स्वप्नंसुद्धा कुणी आधीच ठरवून दिली आहेत, ते आता क्लासच्या फिया भरणाऱ्या बापाच्या कानांनी ऐकावं लागतं. गाणी बोचली तर ती जुनी झालेली नाहीत असं खुशाल समजा.

घरात वीस-बावीस वर्षांचं कुणी असेल तर या बैठकीला बोलवा, पण ‘आमच्या वेळी’ हा शब्दप्रयोग वर्ज्य. फक्त विचारा, कुठे कंटाळा आला? त्यांचं उत्तर आणि तुमचा कागद शेजारी ठेवा.

जुनी कॅसेट सापडलीच असेल तर

माळ्यावरची कॅसेट थेट डेकमध्ये घालू नका. खिडकीतून टेपच्या कडा बघा. मुंबई-कोकणच्या दमट हवेत त्यावर पांढरी बुरशी धरते, ती डेकच्या हेडला लागते आणि तिथून पुढच्या प्रत्येक कॅसेटला. बुरशी असेल तर वाजवू नका. टेप स्वच्छ असेल तर टेपमागचा छोटा फेल्टचा तुकडा जागेवर आहे का बघा. तो निखळला असेल तर स्क्रूवाल्या दुसऱ्या रिकाम्या खोक्यात रिळं बदलून घ्या. वाजवण्याआधी एकदा पूर्ण पुढे, एकदा पूर्ण मागे फिरवा, म्हणजे वर्षानुवर्षं चिकटून बसलेले थर सैल होतात. डेकचं हेड कापसाच्या काडीने आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून पुसा, रबरी रोलरला ओलसर फडकं पुरे.

लाइन-आउटमधून संगणकात घ्यायचं, ‘ऑडॅसिटी’ हे फुकट सॉफ्टवेअर चालतं, फाइल वेव्ह स्वरूपात ठेवा. आवाज गुदमरल्यासारखा येत असेल तर हेडशेजारचा छोटा स्क्रू अगदी किंचित फिरवून वरच्या सुरांची धार कुठे येते ते बघा. हात थरथरत असेल तर हे काम दुसऱ्याला द्या.

आणि एक तपासणी जरूर करा. तानपुऱ्याचं ॲप पांढरी पाचला लावा आणि कॅसेटवरची अल्बमची सुरुवात त्यावर ऐका. तिथला आधारसूर तोच आहे, त्यामुळे दोन्ही जुळायला हवेत. जुळले नाहीत तर तुमचा डेक तरी चुकीच्या वेगाने फिरतोय किंवा ज्याच्यावर भरली तो तरी. काही लोकांनी हा अल्बम आयुष्यभर पाव-अर्धा सूर चढा ऐकलेला असतो आणि सीडी त्यांना ‘उतरलेली’ वाटते. त्यांचं बरोबरच असतं, त्यांची कॅसेट तशीच होती.

पुढे काय लावायचं

२०११ च्या विस्तारित आवृत्तीत १९७४ च्या लंडनमधल्या वेम्बली कार्यक्रमातलं ‘शाइन ऑन’ आहे, अखंड, मध्ये न तोडलेलं. ते दोन भागांत कापून बाकीची गाणी मध्ये घालायची कल्पना वॉटर्सची. गिलमोरचा तिला विरोध होता, पण बाकीच्यांच्या मतांपुढे तो हरला. दोन्ही ऐकून तुम्ही कुणाच्या बाजूचे ते ठरवा, मी वॉटर्सच्या. त्याच कार्यक्रमातली दुसरी दोन गाणी या अल्बममधून बाजूला पडली आणि नावं बदलून १९७७ च्या ‘ॲनिमल्स’मध्ये ‘डॉग्ज’ आणि ‘शीप’ म्हणून आली. त्यामुळे पुढचा अल्बम तोच घ्या, वेम्बलीच्या प्रतींनंतर लगेच. ‘डॉग्ज’ एकटंच १७ मिनिटांचं आहे, तेव्हा त्या दिवशी दुसरं काही ठेवू नका.